आवाजांचा वाद्यवृंद : पालेमबांगच्या बंदी छावणीतल्या बायका, १९४२ ते १९४५

२७ डिसेंबर १९४३ च्या संध्याकाळी, सुमात्रा बेटावरच्या पालेमबांग शहरातल्या जपानी बंदी छावणीत, तीस बायकांनी चेक संगीतकार ड्वोरझाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिंफनीतला 'लार्गो' हा संथ भाग सादर केला. वाद्य एकही नव्हतं. व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट यांच्या वाट्याचं सगळं या बायकांनी गळ्यातून काढलं, तेही एकही शब्द न उच्चारता. स्वरलिपी आठवणीतून उतरवलेली होती. गाणाऱ्यांपैकी बहुतेकींच्या पोटात दिवसभरात वाटीभर भात गेला असेल तर गेला असेल.

कैदी आणि संगीत असा विषय निघाला की 'संगीतानं त्यांना बळ दिलं' एवढं म्हणून आपण पुढे जातो. ते बळ नेमकं कशातून आलं, किती दिवस पुरलं आणि कुठे कमी पडलं, हे पाहायचं तर पालेमबांगचं प्रकरण फार मोलाचं आहे. छावणीत लपवून लिहिलेल्या रोजनिशा टिकल्या, स्वरलिपीचे कागद टिकले आणि गाणाऱ्यांपैकी काही जणी पुढे कितीतरी वर्षं जगल्या आणि बोलल्या. त्यामुळे भावनेच्या भरात काही गृहीत धरावं लागत नाही.

त्या तिथे कशा पोचल्या

१९४३ चं सिंगापूर म्हटलं की मराठी वाचकाला आठवते ती आझाद हिंद सेना. त्याच ऑक्टोबरात नेताजींनी तिथे हंगामी सरकार जाहीर केलं, राणी झाशी पलटणीच्या मुली तिथेच बंदुका चालवायला शिकत होत्या. त्या चित्रात जपान हा मदतीला आलेला देश आहे. त्याच वेळी समुद्रापलीकडे सुमात्रात जपानी लष्कराच्या तारेच्या कुंपणामागे काय चाललं होतं, ते आपल्याकडे फारसं लिहिलं गेलेलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीमुळे दुसरी पुसली जात नाही.

सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडलं. त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत बायका-मुलांना घेऊन मिळेल ती बोट बंदरातून सुटत होती. बांका सामुद्रधुनीत जपानी विमानं आणि युद्धनौका वाट पाहत होत्या. 'वायनर ब्रुक' ही बोट १४ फेब्रुवारीला बॉम्बहल्ल्यात बुडाली. तिच्यावर ऑस्ट्रेलियन लष्कराच्या ६५ नर्सेस होत्या. १२ समुद्रातच गेल्या. बांका बेटाच्या किनाऱ्यावर पोचलेल्या २२ जणींना जपानी सैनिकांनी पाण्यात चालत जायला लावून पाठीमागून गोळ्या घातल्या. त्यातली एकटी व्हिव्हियन बुलविंकल वाचली. तिला धरून उरलेल्या बत्तीस जणी कैदेत गेल्या. बुलविंकलनं काय पाहिलंय हे बाहेर फुटलं असतं तर तिचा जीव गेला असता, म्हणून साडेतीन वर्षं तिच्या मैत्रिणींनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

या नर्सेस लष्करी होत्या, म्हणजे नियमाप्रमाणे युद्धकैदी. पण जपान्यांनी त्यांना तो दर्जा दिला नाही, नागरी बंदिवानांतच टाकलं. छावणीतल्या बाकीच्या बायका मळ्यांच्या मॅनेजरांच्या आणि अधिकाऱ्यांच्या घरच्या, शिक्षिका, मिशनरी, आणि पालेमबांगच्याच चारितास रुग्णालयातल्या डच नन्स अशा होत्या. लहान मुलंही होती. सगळ्या मिळून सुमारे सहाशे.

उपासमारीआधीचा त्रास

पहिल्या दीड वर्षात त्यांना शहरातल्या डच वस्तीतल्या घरांत कोंबलं होतं, एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात वीस-तीस जणी. सप्टेंबर १९४३ मध्ये त्यांची रवानगी झाली आधी पुरुष कैद्यांसाठी वापरलेल्या बराकींत. गळकं छप्पर, चिखल, आणि झोपायला लांबलचक बाकावर प्रत्येकीला जेमतेम अंग टाकण्यापुरती जागा. जेवणात खडे आणि किडे निवडून काढायचा तांदूळ आणि कांगकुंग, म्हणजे आपल्या नाळीच्या भाजीचीच जात. पाणी भरणं, लाकडं फोडणं, संडास उपसणं ही कामं त्यांच्याकडेच.

पण एवढंच सांगितलं तर चित्र अर्धवट राहतं. छावणीतले लोक आपसात दुभंगलेले होते. डच बायका याच बेटावर राहणाऱ्या. त्या कपडे, भांडी, थोडेफार पैसे घेऊन छावणीत आल्या होत्या, त्यांना मलय भाषा यायची, कुंपणापलीकडच्या माणसांशी देवघेव करता यायची. इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन बायका बुडत्या बोटीतून पोहत आलेल्या, अंगावरच्या कपड्यानिशी. एकीकडे थोडं आहे, दुसरीकडे काहीच नाही, भाषा वेगळी, आणि सगळ्या एकाच छपराखाली. साबणाच्या तुकड्यावरून, पाण्याच्या पाळीवरून, मुलांच्या रडण्यावरून भांडणं व्हायची. बाहेरच्या शत्रूपुढे हतबल झालेला माणूस शेजारणीवर तोंड टाकतो, हे कुठल्याही दाटीच्या जागी राहिलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

या दुहीचा विचार केल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही, असं मला वाटतं. कारण जो उपाय निघाला तो या दुहीवर अचूक बसणारा होता.

दोघी जणी

मार्गारेट ड्रायबर्ग या इंग्लंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या शिक्षिका. जन्म १८९० चा, म्हणजे छावणीत आल्या तेव्हा पन्नाशी उलटलेली. आधी चीनमध्ये स्वातोव इथे आणि मग सिंगापूरला शिकवत होत्या. चष्मा लावणाऱ्या, थोराड बांध्याच्या, शांत स्वभावाच्या ड्रायबर्गबाई छावणीत आल्याबरोबर कामाला लागल्या : रविवारची प्रार्थना, वर्ग, हस्तलिखित मासिक, वाढदिवसाच्या कविता. 'बंदिवानांचं गीत' हे प्रार्थनागीत त्यांनीच लिहून चालीत बांधलं. ५ जुलै १९४२ ला ते तिघींनी पहिल्यांदा म्हटलं आणि पुढे सुटका होईपर्यंत दर रविवारी ते छावणीत होत राहिलं.

नोरा चेंबर्स वयानं त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. लंडनच्या रॉयल अकॅडमीत व्हायोलिन शिकलेल्या. 'वायनर ब्रुक'वर त्या होत्या. लहान मुलीला आधीच ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर चढवून दिलं होतं. नवरा पुरुषांच्या छावणीत, त्याची खबरबात नाही. छावणीत त्यांच्या वाट्याला आलेलं काम संडास उपसण्याचं. ज्या हातांनी त्या संध्याकाळी ड्वोरझाकच्या सिंफनीला ताल दिला, ते दिवसा हे काम करत होते.

कल्पना नोराची. सगळ्यांना समजेल असं गाणं कुठल्या भाषेत म्हणायचं? इंग्रजीत म्हणावं तर डच बायका बाहेर, डचमध्ये म्हणावं तर बाकीच्या बाहेर. म्हणून शब्दच काढून टाकायचे आणि जे संगीत मुळात वाद्यांसाठीच लिहिलेलं आहे ते गळ्यावर घ्यायचं. ड्रायबर्गबाईंची स्वरांची स्मरणशक्ती विलक्षण होती. पियानो नाही, पुस्तक नाही, तरी त्या अख्ख्या रचना डोक्यातून कागदावर उतरवत. दोघींनी मिळून त्यांची मांडणी चार भागांत केली : स्त्री-आवाजाचे दोन वरचे, दोन खालचे.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हे काम ऐकायला जितकं सोपं वाटतं तितकं ते नाही. आपल्याकडे शब्दाविना गाणं नवं नाही. आलाप आहे, तराणा आहे. पण तिथे एका वेळी एकच स्वररेषा चालते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात एकाच क्षणी दहा-बारा वेगवेगळ्या ओळी चालू असतात आणि त्यांच्या एकत्र येण्यातूनच रचनेचा अर्थ तयार होतो. त्यातल्या कुठल्या चार ठेवायच्या? शिवाय बायकांच्या आवाजांत खर्जाचा मोठा भाग नाहीच. पियानोवर सात सप्तकं पसरलेली असतात, या तीस जणींकडे सगळा मिळून पल्ला दोन-अडीच सप्तकांचा. डबल बास या खर्जातल्या तंतुवाद्यानं वाजवायचा तळाचा स्वर वर उचलून खालच्या आवाजांकडे द्यावा लागतो. तसं केलं की मधले स्वर एकमेकांत घुसतात, मग तेही हलवायचे. 'लार्गो'तली सुरुवातीची प्रसिद्ध धून कॉर आंग्ले या वाद्याची, एकाकी आणि लांब श्वासाची. शोपाँच्या 'पावसाचे थेंब' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रेल्यूडमध्ये, म्हणजे छोट्या पियानो-रचनेत, एकच स्वर अखंड टपटपत राहतो. पियानोवर ते एका बोटाचं काम आहे. उपाशी माणसाच्या फुप्फुसांसाठी ती परीक्षा आहे.

हे सगळं हाताशी साधन नसताना केलं. मिळेल त्या कागदावर ओळी आखायच्या, गाणाऱ्यांनी आपापला भाग हातानं उतरवून घ्यायचा. बऱ्याच जणींना स्वरलिपी वाचता येत नव्हती, त्यांनी ऐकून पाठ करायचं. इंग्रज होत्या, डच होत्या, ऑस्ट्रेलियन नर्सेस होत्या, ननही होत्या. नर्सेसपैकी बेटी जेफ्री या गायला होत्या. लपवून ठेवलेल्या त्यांच्या पेन्सिलीच्या रोजनिशीमुळे यातलं पुष्कळ आज आपल्याला माहीत आहे.

नोरा सरावात कडक होत्या. 'चालेल, कैदेत एवढं पुरे' हा हिशेब त्यांनी ठेवला नाही. मला या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. हौस म्हणून कार्यक्रम छावणीत आधीही होत होते : गाणी, नकला, नाटुकली. त्यांनी करमणूक झाली. इथे प्रत्येकीकडून मागितलं जात होतं ते अचूक काम. स्वर उतरला तर तो सुधारेपर्यंत पुन्हा. ज्या जागी माणसाला नंबर देऊन, भर उन्हात मोजणीसाठी उभं करून, वाकायला लावून दिवसरात्र कमीपणा दाखवला जात होता, तिथे कोणीतरी तुमच्या कानावर, तुमच्या श्वासावर विश्वास टाकून 'हे तुला जमेल, पुन्हा म्हण' असं सांगतंय.

ती संध्याकाळ

छावणीतल्या बायका-मुलं असतील नसतील ते बरे कपडे घालून उघड्यावर जमली. गाणाऱ्या हातात कागद आणि बसायला छोटी स्टुलं घेऊन आल्या. उभं राहून पूर्ण कार्यक्रम करण्याइतकी ताकद नव्हती. पाय बहुतेकींचे अनवाणी. ड्रायबर्गबाईंनी आधी दोन शब्द सांगितले : आज तुम्ही काहीतरी अगदी नवं ऐकणार आहात, वाद्यवृंदाचं संगीत बायकांच्या आवाजात, डोळे मिटा आणि आपण मोठ्या सभागृहात बसलोय अशी कल्पना करा. नोरांनी हात उचलले आणि 'लार्गो' सुरू झालं.

तेवढ्यात एक जपानी पहारेकरी संगीन लावलेली बंदूक घेऊन ओरडत धावत आला. बायका गात राहिल्या. त्याचं ओरडणं थांबलं आणि तो शेवटपर्यंत उभा राहून ऐकत राहिला, असं त्या वेळी श्रोत्यांत असलेल्या हेलेन कोलाइन या डच तरुणीनं पुढे लिहून ठेवलं आहे.

या प्रसंगाचा फार मोठा अर्थ लावण्याचा मोह टाळलेला बरा. पहारेकरी थांबला, पण छावणी तीच राहिली. दुसऱ्या दिवशी रेशन वाढलं नाही, औषधं आली नाहीत. रेड क्रॉसची पार्सलं त्यानंतरही जपान्यांनी बहुतांशी अडवूनच ठेवली. एका माणसाचे कान काही मिनिटं उघडले, एवढंच ते आहे.

बदल झाला तो कुंपणाच्या आत. कार्यक्रमात ब्राम्सचा वॉल्ट्झ, मेंडेलसोनचं शब्दांविना गीत, 'लंडनडेरी एअर' अशा रचना होत्या. शिवाय वृंदानं देब्युसी, बीथोवन, शोपाँ, अगदी राव्हेलचं 'बोलेरो'देखील बसवलं. एकूण संग्रह तीसेक रचनांपर्यंत गेला. चार भागांच्या गाण्यात शेजारणीचा स्वर ऐकल्याशिवाय आपला लावता येत नाही. काल साबणावरून जिच्याशी वाजलं तिच्याच श्वासाकडे आज लक्ष द्यायचं. लांब स्वर धरायचा तर एकीनं श्वास घेताना दुसरीनं तो टिकवून ठेवायचा असतो. भांडणं संपली असं कोणी लिहिलेलं नाही, आणि मीही तसा दावा करणार नाही. पण डच आणि इंग्रज बायका आठवड्यामागून आठवडे एका कामासाठी एकत्र बसू लागल्या, हे त्या छावणीत आधी घडलं नव्हतं. ऐकणाऱ्या बायका पुढे सांगत की तेवढा वेळ आपण तिथे नव्हतोच, उंदीर नव्हते, वास नव्हता.

दुसरीकडे याच सुमारास

याच वर्षी युरोपातही एका छावणीत बायकांचा वाद्यवृंद वाजत होता. आउश्विट्झ-बिर्केनाउमध्ये आल्मा रोझे या व्हायोलिनवादिकेकडे ऑगस्ट १९४३ पासून त्याची सूत्रं होती. फरक एवढा की तो वाद्यवृंद नात्झींच्या हुकमावरून उभा राहिला होता. सकाळी मजुरांच्या तांड्यांनी पावलं जुळवून बाहेर पडावं म्हणून फाटकाजवळ वाजवायचं, संध्याकाळी ते परतताना पुन्हा. रोझे स्वतः एप्रिल १९४४ मध्ये छावणीतच वारल्या. पण त्या वाद्यवृंदातल्या बहुतेक मुली वाचल्या, कारण वाजवणं हे तिथलं कामच होतं आणि त्या कामानं त्यांना गॅस चेंबरपासून दूर ठेवलं.

म्हणजे हुकमाच्या संगीतानं जीव वाचवला, आणि पालेमबांगला आपल्या मर्जीनं केलेल्या संगीतानं अन्नाचा एक घासही मिळवून दिला नाही. दोन्ही ठिकाणी 'संगीतानं बळ दिलं' म्हणणं सोपं आहे, पण बळ हा शब्द तिथे दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पालेमबांगच्या बायकांना मिळालं ते आपल्या दिवसाचा एखादा तास पूर्ण आपल्या ताब्यात असण्याचं बळ. त्या तासात काय गायचं, किती चांगलं गायचं, हे जपानी कमांडंट ठरवत नव्हता.

१९४४ नंतर

या बळाची हद्द कुठे होती ते पुढच्या वर्षानं दाखवलं. रेशन घटत गेलं. ऑक्टोबर १९४४ मध्ये सगळ्यांना बोटीनं बांका बेटावरच्या मुंटोकला हलवलं. तिथे ज्या तापानं त्यांना गाठलं त्याला बायकांनी 'बांका ताप' असं नाव दिलं. मलेरिया, हगवण आणि बेरीबेरी आधीपासून होतेच. बेरीबेरी नुसत्या पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्याला जीवनसत्त्व ब-१ च्या अभावानं होतो : पाय सुजतात, हृदय थकतं, दम लागतो. दम लागणाऱ्या माणसाला लांब स्वर धरता येत नाही. आधी सराव थांबले, मग गाणं. १९४५ च्या सुरुवातीच्या महिन्यांपर्यंत गाणाऱ्यांपैकी निम्म्या जणी गेल्या होत्या.

ऑस्ट्रेलियन नर्सेसची नोंद पाहिली की काळाचं गणित अंगावर येतं. कैदेत गेलेल्या ३२ जणींपैकी पहिली तीन वर्षं कोणीही दगावली नाही. पहिला मृत्यू ८ फेब्रुवारी १९४५ चा. तो धरून सहा महिन्यांत आठ जणी गेल्या, शेवटची १८ ऑगस्टला. जपाननं शरणागती पत्करून तीन दिवस झाले होते आणि छावणीत ते कोणाला सांगितलेलंच नव्हतं. खचलेल्या मनामुळे त्या मेल्या असं म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. त्यांना अन्न आणि औषध मिळालं नाही. मन शाबूत असलेली माणसंही उपासमारीनं मरतात. गाण्यावर लिहिताना हे बाजूला ठेवलं तर ज्यांनी अन्न अडवून ठेवलं ते फार सहज सुटतात.

एप्रिल १९४५ मध्ये पुन्हा हलवाहलव झाली. बोट, मग आगगाडी, मग सुमात्राच्या आतल्या बेलालाऊ इथल्या रबराच्या मळ्यात. आजारी बायकांना स्ट्रेचरवरून नेलं. या प्रवासानं ड्रायबर्गबाई पार कोलमडल्या आणि २१ एप्रिलला, पोचल्यावर थोड्याच दिवसांत, वारल्या. वय ५५. खड्डा खणणं आणि शवपेटी उचलणं ही कामं तोवर बायकाच करत होत्या.

युद्ध संपल्याचं छावणीला २४ ऑगस्टला कळलं. उरलेल्या २४ नर्सेसना सप्टेंबरच्या मध्यावर विमानानं सिंगापूरला नेण्यात आलं.

कागद

स्वरलिपीच्या हस्तलिखित प्रती ज्यांच्याकडे होत्या त्यांनी त्या तीन छावण्यांमधून सांभाळल्या. हेलेन कोलाइनची बहीण आंत्वानेत वृंदात गात होती, तिची प्रत टिकली. १९८० मध्ये ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाला देण्यात आली. पालो आल्टोच्या पेनिन्सुला विमेन्स कोरस या वृंदानं, पॅट्रिशिया हेनिंग्ज यांच्या दिग्दर्शनाखाली, त्या रचना पुन्हा गायल्या. त्यांचं ध्वनिमुद्रण ऐकताना पहिली काही मिनिटं मी सवयीनं वाद्यं शोधत होतो. मग लक्ष गेलं ते खालच्या आवाजांकडे. ड्रायबर्गबाईंनी तळाचे स्वर जिथे वर उचलले आहेत तिथे मूळ रचनेचा तोल जराही ढळत नाही. परिस्थितीची दया न येता, निव्वळ संगीतकाराचं काम म्हणून ते चांगलं आहे, आणि त्यांच्याबद्दल बोलताना हे आधी सांगायला हवं.

नोरा चेंबर्स १९८९ पर्यंत होत्या, चॅनल बेटांपैकी जर्सीवर. आपली मांडणी दुसऱ्या वृंदांनी गायल्याचं त्यांच्या हयातीतच घडलं. आता निरनिराळ्या देशांतले स्त्रीवृंद त्या रचना बसवतात. ड्रायबर्गबाईंचं 'बंदिवानांचं गीत' अतिपूर्वेकडच्या कैद्यांच्या स्मृतिसभांमध्ये आजही म्हटलं जातं, आणि त्याला मात्र शब्द आहेत.